शहराची हवा मोजायला माळरानावर

पुण्याच्या हवेत पुण्याचं स्वतःचं पाप किती, हे काढायचं असेल तर निदान एक यंत्र पुण्याबाहेर ठेवावं लागतं. तेही जिथे मोजण्यासारखं काहीच नाही अशा जागी. सिग्नल नाही, कारखाना नाही, तंदूर नाही, बांधकामाची हिरवी जाळी नाही. गवत, मधूनच एखादी बाभूळ किंवा हिवर, आणि वारा. शिवाय दोन-चार महिने ठेवून भागत नाही, ते वर्षानुवर्षं चालू ठेवावं लागतं.

हिशेब साध्या वजाबाकीचा आहे. समजा, जानेवारीतल्या एका दिवशी कात्रजला हवेच्या दर घनमीटरमध्ये ६० मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण निघाले. आता बांधकामं झाका, रस्त्यावर पाणी मारा, कचरा जाळू नका, असे उपाय सुरू होतील आणि ते व्हायलाच हवेत. पण ही हवा शहराच्या वेशीवर आली तेव्हाच तिच्यात ३५ मायक्रोग्रॅम असतील, तर शहराने कितीही जीव तोडून काम केलं तरी त्याचा हात उरलेल्या २५ पर्यंतच पोचतो. वेशीवर ३५ ऐवजी १० असतील, तर मात्र सगळा दोष आपल्या गल्लीतच आहे. वेशीवरच्या या आकड्याला या क्षेत्रातली मंडळी पार्श्वभूमीची पातळी म्हणतात. मोबाइलच्या ॲपवर तो कुठेच दिसत नाही, आणि हवेवरच्या आपल्या बहुतेक वादावादीत त्याचा पत्ता नसतो.

पुण्यात मोजमाप होतच नाही असं नाही. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं, म्हणजे आयआयटीएमचं, ‘सफर’ जाळं २०१३ पासून शहरात आहे. शिवाजीनगर, हडपसर, भोसरी, लोहगाव, कात्रज अशा ठिकाणी त्याची केंद्रं आहेत. पण ही सगळी शहराची किंवा शहराच्या काठाची हवा. पूर्वेला दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, सुपे, बारामती, इंदापूरकडे जो उघडा मुलूख पसरलाय, त्याची हवा शास्त्राच्या भाषेत सव्हानाची हवा आहे. आणि सव्हानावर कण मोजायचे म्हणजे काय, हे सगळ्यात बारकाईने पाहिलं गेलंय ते आफ्रिकेत.

एक ट्रेलर, तीन मुक्काम

जगाच्या जमिनीपैकी साधारण पाचवा हिस्सा सव्हाना आहे. गवताचं राज्य, त्यात विखुरलेली झाडं, एक पावसाळा आणि एक लांबलचक कोरडा काळ, असा हा प्रदेश. तरी हवेतल्या कणांची वर्षानुवर्षं चालणारी मोजणी जास्त करून युरोपातल्या जंगलांत, पर्वतशिखरांवर किंवा बेटांवर झाली. फिनलंडमधल्या ह्युतिआला इथल्या पाइनच्या जंगलात १९९६ पासून कणांचे आकार मोजले जाताहेत. ती मोजणी करणाऱ्या गटातल्या लोकांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नॉर्थ-वेस्ट विद्यापीठाशी हातमिळवणी केली आणि एका ट्रेलरमध्ये प्रयोगशाळा बसवली.

हा ट्रेलर २००६ मध्ये बोत्स्वानाच्या सीमेजवळच्या बोत्सालानो अभयारण्यात उभा राहिला. २००८ मध्ये तो प्लॅटिनमच्या खाणी आणि भट्ट्यांच्या पट्ट्यात, मारिकानाला गेला. २०१० पासून तो वेल्गेगुंड नावाच्या ठिकाणी आहे. जोहान्सबर्गच्या पश्चिमेला साधारण १०० किलोमीटरवर, मका आणि गुरं असलेल्या एका खासगी शेतावर.

जागा निवडताना वाऱ्याचा विचार केलाय, आणि मला या सगळ्या कामातली ही गोष्ट सगळ्यात हुशारीची वाटते. वेल्गेगुंडच्या पश्चिमेला कारू आणि कलहारी, म्हणजे शेकडो किलोमीटर जवळजवळ रिकामा प्रदेश. पूर्वेला जोहान्सबर्ग-प्रिटोरियाची वस्ती आणि त्यापलीकडे हायवेल्डमधली कोळशावरची वीज केंद्रं. ईशान्येला प्लॅटिनमचा पट्टा. यंत्र जागचं हलत नाही, पण वारा फिरला की कधी स्वच्छ हवा येते, कधी कोळशाची, कधी भट्टीची. मागच्या तीन-चार दिवसांत हवा कुठून कुठून फिरून आली, हे हवामानाच्या मॉडेलवरून उलटं मोजत काढता येतं. मग प्रत्येक तासाच्या आकड्याला पत्ता चिकटवायचा: हा पश्चिमेचा, हा हायवेल्डचा. दहा वर्षांत असे हजारो तास जमले की प्रत्येक दिशेचा स्वभाव दिसायला लागतो.

वजन की संख्या

इथे जरा थांबून कणांबद्दल बोलायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक व्यासाचे सगळे कण. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या आकड्यात कणांचं वजन मोजतात, संख्या नाही. भारतात २००९ च्या मानकांप्रमाणे पीएम २.५ ची वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तो आकडा ५ वर आणून ठेवला. दोन्हीकडे हिशेब वजनाचाच.

वजन मोजायची मूळ पद्धत अजूनही तराजूचीच आहे. साधारण ४७ मिलिमीटर व्यासाची टेफ्लॉनची पातळ चकती घेतात. ठरावीक तापमानाच्या आणि ठरावीक आर्द्रतेच्या खोलीत ती दिवसभर नुसती ठेवतात, म्हणजे तिच्यातला ओलावा एका पातळीवर येतो. मग चिमट्याने उचलायची, तिच्यावरची स्थिर वीज घालवायची आणि मायक्रोग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या काट्यावर वजन करायचं. हे झालं कोऱ्या चकतीचं वजन. ती यंत्रात बसवली की पंप तिच्यातून तासाला एक घनमीटर हवा ओढतो. आत जाण्याआधी हवेला गरकन फिरवतात, त्यात मोठे कण बाजूला फेकले जातात आणि बारीक तेवढे चकतीवर बसतात. २४ तासांनी चकती काढायची, पुन्हा त्याच खोलीत ठेवायची, पुन्हा वजन.

हवेत ४० मायक्रोग्रॅमची पातळी असेल तर दिवसभरात त्या चकतीवर जेमतेम एक मिलिग्रॅम जमतं, म्हणजे मोहरीच्या एका दाण्याहून कमी. चकतीचं स्वतःचं वजन त्याच्या शंभरपटीहून जास्त. त्यामुळे खोलीची आर्द्रता थोडी ढळली किंवा चकतीला बोट लागलं, की त्या दिवसाचा आकडा गेला. तेवढ्या जमलेल्या कणांचा रंगही बरंच सांगतो. हिवाळ्यात गजबजलेल्या रस्त्याजवळची चकती काळपट करडी होते, कारण त्यात काजळी असते. उन्हाळ्यात उघड्या माळावरची तपकिरी. पावसाळ्यातली कधी कधी इतकी कोरी दिसते, की पंप चालू होता ना, अशी शंका यावी.

पण वजनात एक गोम आहे. गोळ्याचं वजन व्यासाच्या घनावर अवलंबून असतं. १० मायक्रॉनचा धुळीचा एक कण आणि ०.१ मायक्रॉनचे धुराचे दहा लाख कण यांचं वजन, घनता सारखी धरली तर, सारखंच भरतं. म्हणजे वजनाच्या काट्यावर अतिसूक्ष्म कण जवळजवळ अदृश्य. फुप्फुसात मात्र तेच सर्वांत खोल जातात, आणि ढगाचा थेंब ज्याच्याभोवती धरतो तो कणही बहुधा मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आसपासचाच असतो. म्हणून अशा केंद्रांवर वजनाबरोबर संख्याही मोजतात. हवेतल्या कणांना ठरावीक विद्युतभार देऊन विजेच्या क्षेत्रातून सोडतात. लहान कण पटकन वळतात, मोठे कमी वळतात, त्यामुळे आकारानुसार वेगळे काढता येतात. पण काही नॅनोमीटरचा कण लेझरलाही दिसत नाही. म्हणून त्याला ब्युटेनॉलच्या वाफेतून नेतात. वाफ त्याच्यावर धरते, कण फुगून थेंबाएवढा होतो, मग लेझर त्याला मोजतो. असं करत दर काही मिनिटांनी कुठल्या आकाराचे किती कण, याचा पूर्ण तक्ता मिळतो.

स्वच्छ हवेत जन्मणारे कण

हे तक्ते दिवसभराचे एकाशेजारी एक लावले की एक चित्र तयार होतं: आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर कणाचा आकार, रंगात संख्या. बोत्सालानोच्या चित्रांत बहुतेक दिवशी सकाळी ऊन चढलं की तळाशी, अगदी लहान आकारांच्या पट्टीत, एकदम गर्दी उसळते आणि दुपारभर तिरकी वर चढत जाते. शास्त्रज्ञ त्या आकृतीला चक्क केळं म्हणतात. शोधनिबंधांतही ‘बनाना प्लॉट’ असाच शब्द रूढ आहे.

ही गर्दी कुणी सोडलेली नसते. ते कण तिथेच, हवेत, वायूंपासून जन्मलेले असतात. कोळसा जाळून किंवा खनिज वितळवून निघालेला सल्फर डायऑक्साइड उन्हात सल्फ्युरिक आम्लाच्या वाफेत बदलतो, त्या वाफेचे रेणू गोळा होतात, आणि झाडागवतातून निघणाऱ्या सेंद्रिय वायूंची वाफ त्यावर बसून कण वाढत जातो. बोत्सालानोला मोजणीच्या ६९ टक्के दिवशी हे घडलं. मारिकानाला ८६ टक्के. तोवर जगात नोंदल्या गेलेल्या आकड्यांत हे सगळ्यात वरचे होते. उत्तरेतल्या थंड जंगलांत हा प्रकार बरेच दिवस घडतच नाही.

सव्हानावरच एवढं का? तीन गोष्टी जुळून येतात. ऊन भरपूर. दूरवरच्या चिमण्यांचा सल्फर डायऑक्साइड वाऱ्याबरोबर पुरवठ्याला हजर. आणि तिसरं, थोडं चमत्कारिक कारण म्हणजे हवेत जुने कण तुलनेने कमी. हवा आधीच कणांनी भरलेली असेल तर ती वाफ जुन्या कणांवरच बसून जाते, नवे जन्मायला काही उरत नाही. दाट वस्तीच्या धुरकट शहरात वजन जास्त असतं पण ही सकाळची उसळी अनेकदा दबून जाते. मोकळ्या माळावर वजन कमी आणि संख्या एकाएकी प्रचंड. फक्त पीएम २.५ पाहणारा माणूस त्या दिवशी माळाची हवा उत्तम म्हणून मोकळा होईल.

वणवा आणि पाऊस

सव्हाना म्हटलं की आग आलीच. जगात दरवर्षी जळणाऱ्या एकूण क्षेत्रापैकी साधारण दोन तृतीयांश एकट्या आफ्रिकेत आहे, आणि त्यातलं बहुतेक सव्हाना. दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला हा हंगाम जून-जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे तिथला कोरडा हिवाळा आणि त्यानंतरचा पहिला पाऊस येईपर्यंत. त्याच हिवाळ्यात गरीब वस्त्यांमध्ये ऊब आणि स्वयंपाकासाठी कोळसा, लाकूड जळतं. त्यामुळे आकडा वर गेला की दोष वणव्याचा की चुलीचा, हा प्रश्न तिथेही आहेच. तासातासाच्या नोंदी इथे उपयोगी पडतात: चुलीचा धूर सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी चढतो, वणव्याचा लोट कधीही येतो आणि काही तासांत निघून जातो.

अशा लोटांचा पाठपुरावा करताना एक गोष्ट लक्षात आली. धूर निघाला तेव्हा जसा होता तसा तो राहत नाही. दिवसा उन्हात दोन-चार तासांत त्यातल्या वाफा बदलतात, कणांवर बसतात, कण मोठे होतात आणि कणांचं एकूण वजन वाढतं. म्हणजे आगीजवळ मोजलेल्यापेक्षा पुढच्या गावात जास्त. रात्री मात्र हा बदल फारसा होत नाही. आग किती हेक्टरवर लागली यावरून धुराचा अंदाज बांधणाऱ्यांना हे अडचणीचं आहे, कारण तीच आग दुपारी लागली तर हिशेब वेगळा आणि रात्री लागली तर वेगळा.

आता लांब पल्ल्याचं मोजमाप का, त्याचं उत्तर या वणव्यातच आहे. जंगल जळतं ते दुष्काळात. सव्हानाचं बऱ्याच ठिकाणी उलटं असतं: पाऊस चांगला झाला की गवत माजतं, आणि पुढच्या कोरड्या हंगामात जळायला भरपूर सरपण मिळतं. पाऊस फसला तर गवतच नाही, मग जळणार काय? म्हणजे यंदाच्या धुराचं कारण गेल्या वर्षीच्या ढगांत असू शकतं. एका वर्षाची मोजणी करून कुणी “प्रदूषण घटलं” म्हणालं, तर कदाचित त्याने फक्त आधीचा दुष्काळ मोजलेला असतो.

थोडं गणित करून पाहू. समजा पावसामुळे आणि वाऱ्यामुळे वार्षिक सरासरी दरवर्षी सहज दहा टक्के इकडेतिकडे होते. आणि खरा कल, म्हणजे धोरणामुळे होणारी घट, वर्षाला दोन टक्के आहे. तर ही घट त्या चढउतारातून खात्रीने वेगळी काढायला दहा-पंधरा वर्षांची सलग नोंद लागते. तीन वर्षांच्या नोंदीवर काढलेली रेघ वर जाईल की खाली, हे नशिबावर. आपल्याकडे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला आणि पुणे त्यातल्या शहरांच्या यादीत आहे. लगेच २०२० ची टाळेबंदी आली. मध्ये असं वर्ष आलं की आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना किती जपून करावी लागते, हे वेगळं सांगायला नको. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून टाळ्या वाजवणारी पत्रकं पाहिली की मला तरी धास्तीच वाटते.

साहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात, हाच धडा धुळीने शिकवला. नायजरमधलं बानिझुम्बू, मालीतलं सिन्झाना आणि सेनेगलमधलं म्बूर या जवळपास एका रेषेतल्या तीन ठिकाणी २००६ पासून पीएम १०, म्हणजे १० मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचं वजन, मोजलं जातंय. कोरड्या महिन्यांत हरमाटान वाऱ्याबरोबर सहाराची धूळ दिवसचे दिवस टिकते. आणि पावसाळ्याच्या तोंडाला वादळी ढगांपुढे धावणारा वारा थोड्याच वेळात धुळीची भिंत उठवतो, मग पाऊस पडतो आणि सगळं धुऊन निघतं. हे दुसरं प्रकरण आपल्याला अगदी ओळखीचं आहे. मे महिन्यातल्या वळवाच्या आधीची ती दहा मिनिटं. दिवसाची सरासरी काढली की त्या दहा मिनिटांचा मागमूस राहत नाही.

चालू ठेवणं हेच काम

केंद्र उभारणं तसं सोपं. पैसे मिळतात, उद्घाटन होतं, फोटो निघतो. दहाव्या वर्षी पंपाचा पडदा बदलायला पैसे मागितले की ते कुणाला फार रोमांचक वाटत नाही. माळावर वीज जाते, वीज पडते, उंदीर केबल कुरतडतात, हवा घेण्याच्या नळीत कोळी जाळं विणतो आणि आकडे हळूहळू घसरत जातात. ती घसरण हवा सुधारल्यासारखीच दिसते. शेजारी कच्चा रस्ता होता तो डांबरी होतो, किंवा डांबरी होता तो ट्रकांनी उखडतो. पाच वर्षांपूर्वीचं रोपटं झाड होऊन वारा अडवू लागतं.

सगळ्यात मोठी जोखीम यंत्र बदलण्याची. जुनं यंत्र मोडीत काढून नवं बसवलं आणि नवं पाच टक्के जास्त दाखवत असेल, तर त्या तारखेपासून प्रदूषण ‘वाढलं’. म्हणून जाणकार मंडळी जुनं आणि नवं काही महिने शेजारीशेजारी चालवतात. हे कंटाळवाणं आणि खर्चिक आहे, पण ते केलं नाही तर आधीची दहा वर्षं आणि पुढची दहा वर्षं एकमेकांना जोडताच येत नाहीत.

स्वस्त सेन्सरबद्दलही इथेच बोलतो. हातात मावणारे, काही हजारांत मिळणारे सेन्सर प्रकाश कसा विखुरतो त्यावरून कणांचा अंदाज करतात. वस्तीतला फरक पाहायला ते बरे. पण हवा दमट झाली की कण पाणी ओढून फुगतात आणि सेन्सर त्या पाण्यालाही कणाच्या वजनात धरतो. जून ते सप्टेंबरच्या पुण्यात त्यावर विसंबून राहणं कठीण, आणि वर्षं लोटली की लेन्सवर धूळ बसून तेही सरकतात. वीस वर्षांचा कल यातून निघणार नाही.

आपला माळ

पुण्याच्या पूर्वेचा मुलूख हा उजाड झालेलं जंगल आहे, झाडं लावली की तो ‘सुधारेल’, असं बराच काळ मानलं गेलं. सरकारी दप्तरात तो बऱ्याचदा पडीक. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयातले झाडाझुडपांचे उल्लेख तपासून दाखवलं की पश्चिम महाराष्ट्रातली ही माळरानं निदान ७५० वर्षं तरी माळरानंच आहेत. कुसळी, पवण्या, मारवेल, हिवर, खैर हे सगळे इथले जुने रहिवासी. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी राखलंय ते याच मुलखात.

हवेच्या दृष्टीने या माळाची जागा मोक्याची आहे. पावसाळ्यात पुण्याला वारा समुद्राकडून, पश्चिमेने येतो. हिवाळ्यात, नेमकी हवा सर्वांत वाईट असते तेव्हा, तो मंद असतो आणि त्याचा कल पूर्वेकडून येण्याचा. म्हणजे डिसेंबरची हवा शहरात शिरण्याआधी बऱ्याचदा शिरूर, दौंड, पुरंदरवरून येते. वजाबाकीसाठी हवा असलेला तो ३५ किंवा १० चा आकडा तिकडे आहे.

जुन्या नोंदींची परंपरा पुण्यात नाही म्हणावं तर तसंही नाही. आयआयटीएममध्ये १९८६ पासून लेझरचा झोत आकाशात सोडून वरच्या हवेतले कण मोजायचं काम सुरू झालं. देशातल्या अशा सर्वांत लांब नोंदींपैकी ती एक. सूर्यप्रकाश किती अडला यावरून कण मोजणाऱ्या एरोनेट या जागतिक जाळ्यात पुणे २००४ पासून आहे. महाबळेश्वरला संस्थेची ढगांची प्रयोगशाळा २०१२ पासून चालू आहे. पण लेझर आणि सूर्यमापी यंत्रं हवेच्या अख्ख्या थराचं सांगतात, नाकाशी असलेल्या हवेचं नाही. आणि महाबळेश्वर पडलं सह्याद्रीच्या माथ्यावर, ढगात.

पार्श्वभूमी कधी कधी किती लांबून येते याचा अनुभव पुणेकरांनी जानेवारी २०२२ च्या चौथ्या आठवड्यात घेतला. पाकिस्तान आणि अरबी समुद्राच्या बाजूने आलेलं धुळीचं वादळ मुंबई-पुण्यावर पसरलं, भर दुपारी टेकड्या दिसेनाशा झाल्या, गाड्यांवर पांढुरका थर बसला. त्या दिवशीच्या आकड्यासाठी शहरातल्या एकाही रिक्षावाल्याला जबाबदार धरता आलं नसतं.

अशा वेळी कण कुणाचा, हे रसायनावरून ओळखतात. मातीच्या धुळीत सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह. कोळशाच्या धुरात सल्फेट. लाकूड-गवत जळलं तर त्यातल्या सेल्युलोजपासून लेव्होग्लुकोसान नावाची एक साखर तयार होते, ती डिझेलच्या धुरात नसते. कार्बनचं वयही तपासता येतं: कार्बन-१४ हा हळूहळू नष्ट होत जाणारा कार्बनचा प्रकार ताज्या वनस्पतीत असतो, लाखो वर्षं पुरलेल्या कोळशात आणि डिझेलमध्ये तो कधीच संपलेला असतो. आणखी एक कसोटी खास माळाची आहे. उष्ण प्रदेशातली गवतं प्रकाशसंश्लेषणाची जी पद्धत वापरतात तिला सी-फोर म्हणतात. त्यामुळे त्यांच्यात कार्बन-१३ या कार्बनच्या किंचित जड प्रकाराचं प्रमाण झाडांपेक्षा जरा जास्त राहतं, आणि ते धुरातही उतरतं. आफ्रिकेत या फरकावरून गवताचा धूर आणि लाकडाचा धूर वेगळा काढता येतो.

आपल्याकडे ही कसोटी उसापाशी अडते. ऊसही सी-फोर आहे. ज्वारी, बाजरी, मका, तीही. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात तोड झाल्यावर पाचट पेटवलं, तर त्याचा कार्बन आणि शेजारच्या माळावरच्या कुसळीचा कार्बन जवळजवळ सारखाच दिसणार. लेव्होग्लुकोसान दोन्हींत. मग उरतं पंचांग: गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, माळावरचे वणवे साधारण फेब्रुवारी ते मे. नोव्हेंबरातला धूर पाचटाचा आणि मे महिन्यातला गवताचा म्हणता येईल, फेब्रुवारी ते एप्रिलचा घोळ तसाच राहतो. उपग्रहावरून आगी दिसतात खऱ्या, पण आगीसाठी वापरला जाणारा मुख्य उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो. एकरभर पाचट संध्याकाळी पेटवलं तर ते तासाभरात विझतं, दोन फेऱ्यांच्या मधे. म्हणून इथे केंद्र काढायचं तर फिल्टर आणि पंपाइतकीच एक वही लागेल: कारखान्याचा तोडणीचा कार्यक्रम, वनखात्याच्या जाळरेषा आणि वणव्यांच्या तारखा, आणि वाऱ्याच्या दिशेच्या गावातून रोज एक फोन, की आज कुणाच्या रानात काय पेटलं होतं आणि किती वाजता.